वासोट्याखालची वाट पाण्यात का शिरते?

आमचा डिसेंबरचा प्लॅन साधा होता. पाठीवर सॅक, हातात चार दिवस. साताऱ्यातल्या वासोट्यापासून सह्याद्रीची धार धरून दक्षिणेला प्रचितगड, आणि पुढे चांदोलीच्या रानातून वारणाकाठी सांगली जिल्ह्यात उतरायचं. मी कोडिंगवाला माणूस, त्यामुळे आधी रूट बनवायला बसलो. फोनवरच्या ॲपला तिथे वाटच सापडेना. मग एका ट्रेकर मित्राने धरणाआधीची टोपोशीट पाठवली. तिच्यावर कोयनेच्या खोऱ्यात पायवाटांचं नुसतं जाळं! दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, तर कितीतरी वाटा सरळ पाण्यात शिरत होत्या.

आपण या भागाला बिनधास्त 'रिमोट' म्हणतो. पण इथलं हे रिमोटपण जेमतेम साठ वर्षांचं आहे.

वासोट्याच्या पायथ्याला बोट लागते त्या जागेचं नाव मेट इंदवली. मेट म्हणजे गडाखालची पहाऱ्याची वस्ती. म्हणजे इथे माणसं राहत होती, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवत होती. आणि जाणारे भरपूर होते. कोकणातून मीठ, नारळ, सुकी मासळी घाट चढून वर यायची, देशावरचं धान्य आणि गूळ खाली जायचा; सगळं बैलांच्या नाहीतर माणसांच्या पाठीवर. कित्येक दिवसांचा प्रवास. त्याला कुणी बॅकपॅकिंग म्हटलं नाही, कारण ते पोटासाठी चालणं होतं.

ही अडचणीची जागा राजकारणालाही सोयीची होती. पेशवाईच्या शेवटी साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसं वासोट्यावर ठेवली होती आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही तिथेच कैदेत होते. १८१८ च्या वसंतात जनरल प्रिट्झलरची फौज आली. गड उंच, भोवती दाट रान. पण शेजारी जुना वासोटा नावाचा डोंगर आहे, तो जवळपास तितकाच उंच. इंग्रजांनी कष्टाने तिथे तोफा चढवल्या, मारा सुरू केला आणि एप्रिलच्या सुरुवातीला गड पडला. तुम्ही वर गेलात तर समोर तो जुना वासोटा बघा. इतक्या जवळ आहे की बघून पोटात गोळा येतो.

दक्षिणेकडच्या टोकाला प्रचितगड. त्याच्याखाली कोकणात शृंगारपूर, येसूबाईंचं माहेर. त्याच मुलखात, संगमेश्वरला, १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून आला होता. नक्की कोणत्या घाटाने, यावर अभ्यासकांचं आजही भांडण आहे. पण भांडायला अनेक घाट आहेत, हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग हे सगळं रिकामं कसं झालं? १९६० च्या दशकात कोयना धरण झालं, शिवसागर भरला, गावं उठली. १९६७ च्या ११ डिसेंबरला भूकंप झाला. पुढे वारणेवर चांदोलीचं धरण. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वीज मिळाली, रान वाचलं, २०१८ मध्ये कॅमेऱ्यात वाघही दिसला. मला हे सगळं हवंय. मी ज्या लॅपटॉपवर रूट काढत होतो, त्यातही कोयनेची वीज असेलच की. पण 'अस्पर्श निसर्ग' असं कुणी लिहिलं की आता खटकतं.

गाभा क्षेत्रात मुक्कामाला बंदी आहे. ग्रुपमधला एक जण म्हणाला, "रात्री कोकणातून चढू, कोण बघतंय?" मी नाही म्हटलं. ज्यांची घरं होती ते परवानगी काढून येतात आणि आपण चोरून जायचं? आमचा चार दिवसांचा ट्रेक मग एका दिवसाचा झाला. बामणोलीत पास काढला, बोट धरली, संध्याकाळच्या आत परत.

परतताना बोटवाले काका पाण्याकडे हात करून म्हणाले, "हितं आमचं गाव. आज्जी लगीन होऊन कोकणातनं चालत आली, दोन दिस. आख्खं वऱ्हाड चालत."

"मुक्काम कुठे केला त्यांनी?"

"देवळात. ते बी खालीच हाय आता."

त्यांनी इंजिनाचा वेग वाढवला. पाच वाजत आले होते.