बाहेरचे कोण?

रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायला तास-दीड तास पुरतो. पण एवढ्याशा अंतरात आमच्या किनाऱ्यावरचा माणूस शिरगणतीच्या तक्त्यात 'बाहेरचा' होत असे. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरातल्या दर शंभर माणसांपैकी ८४ शहराबाहेर जन्मलेली होती. त्यांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा. शिवाय घाटावरचे, गुजरातचे, उत्तरेकडचे आणि आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचेही. गोदीत, गिरणीत, बोटीवर रोजी कमावणारे हे हिंदू-मुसलमान सगळे मिळूनच मुंबई झाली.

आजच्या जगाचा हिशेब पाहू. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये परदेशात जन्मलेले लोक शंभरात १७, पण लंडनमध्ये ४१. त्याच वर्षी कॅनडात स्थलांतरित २३ टक्के, तर टोरांटो महानगरात जवळजवळ ४७. देशाची सरासरी एक सांगते, मोठे शहर दुसरेच सांगते. कारण उघड आहे. काम तिथे असते, आणि आधी गेलेला भाईबंद मागून येणाऱ्याला आसरा देतो. आमच्या कोकणातही हेच घडले.

मात्र हे आकडे शेजारी ठेवताना जपले पाहिजे. लंडनच्या आकड्यात देशाची सीमा ओलांडलेले मोजले आहेत, १९२१ च्या मुंबईच्या आकड्यात फक्त शहराची. देशाची सीमा धरली, तर रेवसचा माणूस बाहेरचा उरतच नाही. रेघ कुठे ओढली, यावर 'बाहेरचा' ठरतो. आखातात गेलेल्या आमच्या कोकणी मुसलमानांना हे चांगले ठाऊक आहे. संयुक्त अरब अमिरातीत दहांतले जवळजवळ नऊ परदेशीच. तरी उमर तिथे घालवूनही बहुतेकांना नागरिकत्व मिळत नाही.

शिवाय तक्त्यात जन्मस्थानाचा रकाना एकच, माणसाची घरे मात्र दोन. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतले कितीतरी मुंबईत राबणारे आणि गावी परतणारे होते. त्यांना बाहेरचे म्हणायचे ते कुठले?

मुंबईत आजही कुणाला तरी बाहेरचा ठरवले जाते. आम्ही शिक्षकांनी वर्गात टक्केवारी शिकवताना एवढे तरी शिकवावे, की आकडा मांडण्याआधी विचारा: रेघ कुणी ओढली, आणि आपले आजोबा तिच्या कोणत्या बाजूला होते?