हद्दपारी आणि न्यायाधीशाची शिफारस

परमुलखात पोटासाठी गेलेल्या माणसाच्या हातून अपराध घडला, तर त्याला देशातील इतर अपराध्यांप्रमाणे सजा देऊन मोकळे करावे, की सजा भोगून झाल्यावर त्याचे घरदारही मोडून त्याला देशाबाहेर घालवावे, या प्रश्नावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेली दीडशे वर्षे जो विचार होत आला, त्यात कायद्याची कठोरता आणि न्यायबुद्धी यांचा झगडा स्पष्ट दिसतो.

1875 साली तेथील काँग्रेसने सजा झालेल्या गुन्हेगारांना देशात येण्याची मनाई केली व 1891 साली ‘नैतिक अधःपतना’च्या गुन्ह्यांची त्यात भर घातली, परंतु ही बंधने प्रवेशापुरती होती. आत येऊन स्थिरावलेल्यांचा प्रश्न 1893 साली फाँग यू टिंग आणि इतर दोन चिनी रहिवाशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. चिनी मजुरांनी रहिवासाचा दाखला घ्यावा, आणि तो नसल्यास आपला पूर्वीचा रहिवास निदान एका विश्वासार्ह गोऱ्या साक्षीदाराकरवी शाबीत करावा, असे आदल्या वर्षीच्या कायद्याचे फर्मान होते; या तिघांपैकी एकाचा अर्ज, त्याचे साक्षीदार चिनी आहेत एवढ्याच सबबीवर फेटाळला गेला होता. हद्दपारी ही गुन्ह्याची सजा नव्हेच, सबब आरोपीला मिळणारी ज्यूरी वगैरे संरक्षणे येथे लागू नाहीत, असा निकाल बहुमताने झाला, आणि पुढील साऱ्या कायद्याची इमारत याच पायावर उभी राहिली.

1917 च्या ज्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांना अमेरिकेचे दार बंद केले, त्याच कायद्याने प्रवेशानंतर पाच वर्षांच्या आत केलेल्या नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल वर्षभराची वा अधिक कैद झाल्यास हद्दपारीची तरतूद केली. मात्र त्यातच एक उदार कलम होते: सजा फर्मावताना किंवा त्यानंतर तीस दिवसांच्या आत, सरकारपक्षाला नोटीस देऊन, न्यायाधीशाने हद्दपारी करू नये अशी शिफारस केली, तर त्या गुन्ह्यावरून त्या माणसाला घालवता येत नसे. ज्याने आरोपीला समोर पाहिले, त्याच्या कुटुंबाची हकिकत ऐकली, आणि अपराधाचे वजन स्वतः केले, त्याच्याच हाती दयेचा अधिकार असावा, यात मोठे शहाणपण होते.

पुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्यांपुरता हा अधिकार काढून घेण्यात आला, आणि 1990 साली तो समूळ रद्द झाला. 1988 साली खून आणि अमली पदार्थ व शस्त्रे यांचा चोरटा व्यापार एवढ्यांपुरता बेतलेला ‘गंभीर अपराधां’चा वर्ग 1996 च्या कायद्यांनी इतका फुगवला, की एक वर्षाची सजा झालेली साधी चोरीही त्यात मोडू लागली, सजा तहकूब ठेवून आरोपीला प्रत्यक्ष तुरुंगात धाडले नसले, तरी ती सजाच धरली जाऊ लागली.

या बदलाची झळ होसे पादिया यांच्या खटल्यात दिसते. मूळचे होंडुरासचे पादिया चाळीस वर्षांहून अधिक काळ कायम रहिवासी होते आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैन्यात लढले होते. मालमोटारीतून गांजा नेल्याच्या आरोपावर त्यांनी केंटकीत गुन्हा कबूल केला. इतकी वर्षे येथे काढल्यावर रहिवासाची काळजी नको, असे वकिलाने त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात त्या कबुलीने हद्दपारी जवळजवळ अटळ झाली होती. 31 मार्च 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की असा परिणाम कायद्यात उघड दिसत असेल तेव्हा तो अशिलाला सांगणे हे वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे. आज अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसानेही, ज्याच्याजवळ तेथील नागरिकत्व नाही, किरकोळ खटल्यात कबुली देण्यापूर्वी हा प्रश्न वकिलाला विचारलाच पाहिजे.

तरीही सावधगिरीची सूचना म्हणजे न्याय नव्हे. येणारे संकट आरोपीला आधी कळावे एवढेच या निकालाने साधले. ते टाळण्याची जी सत्ता 1917 च्या कायद्याने न्यायाधीशाला दिली होती, ती परत आलेली नाही. सजा आणि हद्दपारी या दोन भिन्न गोष्टी आहेत असे कायदा कितीही म्हणो, त्या भोगणारा माणूस एकच असतो. म्हणून दोहोंचा तोल पाहण्याचा अधिकार, त्याला समोर पाहणाऱ्या न्यायासनाकडेच पुन्हा सोपवला गेला पाहिजे.