प्रोस्टेट कर्करोगातील मिथिलीकरणाच्या खुणा

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग सुरू होताना आणि पुढे पसरताना पेशींच्या डीएनएवरील मिथिल गटांची मांडणी बदलते. त्या बदलांवरून रोगाचा माग काढता येतो. या बदलांत डीएनएचा अक्षरक्रम जसाच्या तसा राहतो. कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद पडेल, एवढेच ठरते. म्हणून हे बदल उत्परिवर्तनांपासून वेगळे मानतात आणि त्यांना एपिजेनेटिक म्हणतात.

मिथिल गट बसतो तो डीएनएतील सायटोसिन या अक्षरावर, बहुधा त्याच्या लगेच पुढे ग्वानिन असेल तिथे. निरोगी पेशीत अशा जोड्यांची दाटी पुष्कळ जनुकांच्या आरंभापाशी असते, आणि ती दाटी सहसा मिथिलमुक्त असते. उरलेल्या डीएनएवर मात्र मिथिल गट भरपूर असतात. कर्करोगात हे गणित उलटते. मोकळ्या जागा भरतात आणि भरलेल्या विरळ होतात.

या रोगातली सर्वाधिक अभ्यासलेली खूण जीएसटीपी१ या जनुकावर आहे. ग्लुटाथायोनच्या साहाय्याने विषारी रेणूंचा निचरा करणारे विकर हे जनुक घडवते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम नेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले, की प्रोस्टेटच्या गाठीत या जनुकाच्या आरंभभागावर मिथिल गट दाटीने बसलेले असतात आणि जनुक मुके होते. नंतरच्या अभ्यासांत ९० टक्क्यांहून अधिक गाठींत ही खूण सापडली. कर्करोगापूर्वीच्या विकृत पेशींतही ती बऱ्याचदा असते. शेजारच्या निरोगी उतीत क्वचितच. म्हणजे गाठीच्या पेशीत हा राखणदार जागेवर आहे, धडधाकटही आहे, पण त्याच्या तोंडाला कुलूप. त्यामुळे ऑक्सिडीकरणाने होणाऱ्या इजेला पेशीचा डीएनए अधिक उघडा पडतो, असे मानले जाते.

खूण वाचण्याची युक्ती मोठी सुबक आहे. डीएनएवर बायसल्फाइटची क्रिया केली, की मिथिल गट नसलेल्या सायटोसिनचे युरॅसिल होते. मिथिल गट असलेले सायटोसिन तसेच राहते. मग अक्षरे वाचली की झाले, जिथे सायटोसिन टिकले तिथे खूण होती. मेरियन फ्रॉमर यांच्या गटाने ही वाचनपद्धत १९९२ मध्ये मांडली. मिथिलीकरण झालेलाच तुकडा पीसीआरने वाढवायची रीत १९९६ मध्ये आली. अडचण एकच, या क्रियेत डीएनए तुटतो आणि बराचसा वाया जातो. बायोप्सीच्या सुईतून निघते ती दोऱ्याएवढी जाड उती; तिथे हा तोटा जाणवतो.

प्रत्यक्ष उपयोग बायोप्सीतच सुरू झाला. पीएसए हे रक्तात मोजले जाणारे प्रोस्टेटचे प्रथिन चढते, बायोप्सी निगेटिव्ह येते, पुन्हा पीएसए चढते. आता सुई पुन्हा टोचायची का? गाठ सुईच्या वाटेत आली नसली, तरी तिच्या आसपासच्या दिसायला निरोगी पेशींत मिथिलीकरण पसरलेले असू शकते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात जीएसटीपी१, एपीसी आणि आरएएसएसएफ१ ही तीन जनुके निगेटिव्ह उतीत तपासली. खुणा नसतील तर पुढच्या बायोप्सीतही कर्करोग न सापडण्याची शक्यता ९० टक्के निघाली.

रोग आहे का, हे सांगणारी खूण तो पुढे जाईल का, हे सांगेलच असे नाही. या विषयावरच्या उत्साही लेखनात हा भेद वारंवार पुसला जातो. जीएसटीपी१ जवळजवळ प्रत्येक गाठीत बंद असते, त्यामुळे निवांत गाठ आणि आक्रमक गाठ त्यावरून निवडता येत नाहीत. त्यासाठी दुसरी जनुके लागतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथीत पीआयटीएक्स२ वर मिथिलीकरण जास्त असेल, तर पुढे पीएसए पुन्हा वाढण्याचा धोका अधिक आढळला आहे. डीएनएवरील मिथिल गट सर्वत्र विरळ होणे मात्र प्रामुख्याने उशिरा, रोग पसरल्यावर दिसते.

पसरलेल्या रोगाचे चित्र अधिक बोलके आहे. एकाच रुग्णाच्या हाडातील, यकृतातील आणि लसिका ग्रंथीतील गाठींची मिथिल मांडणी एकमेकींशी बरीच जुळते. रुग्णा-रुग्णांत मात्र ती वेगळी असते. हार्मोन उपचारांना न जुमानणाऱ्या १०० रुग्णांच्या पसरलेल्या गाठींचे संपूर्ण जनुकसंचाचे मिथिलीकरण २०२० मध्ये वाचले गेले. त्यांतल्या सुमारे एकपंचमांश गाठी अतिमिथिलीकरणाचा स्वतंत्र गट ठरल्या. काही गाठी अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनांवरचे अवलंबन सोडून चेता-अंतःस्रावी रूप घेतात. अशा गाठींचा अक्षरक्रम मूळ प्रकाराच्या गाठींशी बराच मिळताजुळता असतो, मिथिलीकरण मात्र ठळकपणे निराळे, असे २०१६ मध्ये दिसले. रोगाने कूस बदलल्याचे इथे उत्परिवर्तनांपेक्षा मिथिल गटच स्पष्ट सांगतात.

मरणाऱ्या गाठीतून डीएनएचे तुकडे रक्तात येतात, त्यामुळे सुई न टोचताही खूण शोधता येते. सिडनीतील संशोधकांनी डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात मिथिलीकृत जीएसटीपी१ मोजले. ज्यांच्यात उपचाराच्या पहिल्या फेरीनंतर ते दिसेनासे झाले, त्यांच्यात उपचाराला चांगला प्रतिसाद अधिक आढळला. हीच खूण यकृत आणि स्तनाच्या काही कर्करोगांतही असते. म्हणून रक्तात ती सापडली, की गाठ प्रोस्टेटचीच, असे म्हणता येत नाही.