गॅरेजचा दरवाजा: ऑईल कुठे द्यायचं, कुठे नाही आणि कशाला हात लावायचा नाही

न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात राहायला आलो, तेव्हा गॅरेजचा दरवाजा फोनवरून उघडतो याचंच मला कौतुक होतं. जानेवारीत थंडी वाढली आणि अ‍ॅपवर रोज एकच नोटिफिकेशन यायला लागलं: दरवाजा बंद झाला नाही. दरवाजा अर्ध्यावर यायचा, थांबायचा आणि परत वर जायचा. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आधी राउटर रिस्टार्ट केला, मग अ‍ॅप अपडेट केलं, मग मोटरचं फर्मवेअर. शेवटी मोटरवर फोर्सची सेटिंग सापडली. ती वाढवली. दरवाजा निमूट बंद व्हायला लागला आणि माझ्यापुरता विषय संपला.

तीन आठवड्यांनी पहाटे गॅरेजमधून गोळी सुटल्यासारखा आवाज आला. दरवाजाची स्प्रिंग तुटली होती. नवी स्प्रिंग बसवल्यावर टेक्निशियनने दरवाजाखाली एक लाकडी फळी आडवी ठेवली आणि बटण दाबलं. दरवाजा फळीला टेकताच परत वर जायला हवा होता. तो फळी दाबतच राहिला. त्या दिवसांत आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती आणि रोज सकाळी त्याच दरवाजाखालून फिरायला बाहेर पडायची.

फोर्स वाढवून मी बिघाड दुरुस्त केला नव्हता, फक्त एरर लपवली होती. खरं काम वीस मिनिटांचं होतं. ते कसं करायचं आणि कुठे थांबायचं, ते या लेखात पाहू.

दरवाजा नक्की उचलतं कोण?

आपल्याला वाटतं मोटर. पण अमेरिकेत घराला असतो तो दरवाजा आडव्या पट्ट्यांचा असतो. या पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि बाजूचे रोलर लोखंडी ट्रॅकमधून वर सरकतात. दोन गाड्यांचा दरवाजा साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतो. त्याचं वजन ७० किलोपासून १०० किलोच्या पुढेही जातं. घरगुती मोटर बहुतेक वेळा अर्धा हॉर्सपॉवरच्या आसपासची.

हे वजन पेलते ती दरवाजाच्या वर, आडव्या दांड्यावर बसवलेली टॉर्शन स्प्रिंग. दरवाजा खाली येतो तेव्हा स्प्रिंग पिळली जाते, वर जाताना ती पीळ सोडते आणि दोन्ही बाजूंच्या तारांनी दरवाजा ओढून घेते. स्प्रिंग ठीक असेल तर तोच दरवाजा तुम्ही एका हाताने उचलू शकता. मोटर फक्त ढकलायचं आणि ओढायचं काम करते.

म्हणून बिजागऱ्या कोरड्या पडल्या किंवा स्प्रिंग थकली, की भार मोटरवर येतो. मोटरला जास्त जोर लागला की तिला वाटतं मध्ये काहीतरी अडकलंय, म्हणून ती दरवाजा परत वर घेते. माझ्याकडे हेच होत होतं. मोटर बरोबर सांगत होती, मीच ऐकलं नाही.

काय काय लागेल?

- सिलिकॉन स्प्रे किंवा पांढरं लिथियम ग्रीस, स्प्रेच्या डब्यातलं
- दोन जुनी फडकी
- पाना, नट-बोल्ट आवळायला
- स्टूल किंवा छोटी शिडी
- दीड इंच जाडीची लाकडी फळी, शेवटच्या चाचणीसाठी

आता सगळ्यांच्या घरात असतो तो डब्ल्यूडी-४० चा डबा. यातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं. नेहमीचा निळा-पिवळा डबा गंज आणि जुना चिकटा काढायला चांगला आहे, पण त्याचा थर फार दिवस टिकत नाही. त्याने साफ करा, पुसून घ्या आणि मग खरं वंगण लावा. त्याच कंपनीचं सिलिकॉन आणि लिथियम ग्रीसही वेगळ्या डब्यात मिळतं, त्यामुळे डब्यावरचं नाव नीट वाचा.

ऑईल देण्याची पद्धत

१. दरवाजा पूर्ण बंद करा आणि मोटरचा प्लग काढा. घरातल्या सगळ्यांना सांगा. फोनवर अ‍ॅप सगळ्यांकडे असतं, कोणीही कुठूनही बटण दाबू शकतं.

२. ट्रॅक फडक्याने आतून पुसा. काळा थर, जाळी, केस, सगळं काढा.

३. बिजागऱ्यांचे आणि ट्रॅकच्या पट्ट्यांचे सैल नट-बोल्ट आवळा. फार जोर लावू नका. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जिथे तार अडकवलेली असते, तिथले बोल्ट मात्र सोडून द्या. कारण पुढे सांगतो.

४. प्रत्येक बिजागरी जिथे वळते, त्या सांध्यात स्प्रेचा एक छोटा फवारा द्या.

५. रोलर पाहा. चाक लोखंडी असेल आणि आतले बॉल बेअरिंग दिसत असतील, तर बेअरिंगवर थोडं वंगण द्या. चाक नायलॉनचं आणि बेअरिंग बंद असेल, तर काही देऊ नका.

६. स्प्रिंगवर लांबूनच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पातळ फवारा मारा. यामुळे वेढ्यांचं घर्षण कमी होतं आणि गंज धरत नाही. फक्त फवारा, हात नाही.

७. दांड्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर थोडं द्या.

८. मोटरची साखळी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढंच लावा. साखळीऐवजी रबरी पट्टा असेल तर त्याला काहीही लावू नका.

९. दरवाजाच्या कडेच्या रबरी पट्टीवर सिलिकॉन स्प्रे मारून पुसा. थंडीत ती पट्टी फ्रेमला चिकटत नाही.

१०. ओघळलेलं सगळं पुसा, प्लग लावा आणि दरवाजा दोन-तीनदा उघड-बंद करा.

हे वर्षातून दोनदा पुरतं. मी दिवाळीच्या सुमारास, म्हणजे थंडीआधी, आणि मग एप्रिलमध्ये करतो. समुद्राजवळ राहत असाल तर जरा लवकर करा, खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

ट्रॅकला ग्रीस का नाही?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ट्रॅक म्हणजे रोलरचा रस्ता. रोलर त्यावर फिरायला हवा, घसरायला नको. ग्रीस लावलं की धूळ चिकटते, तिचा चिकट थर होतो आणि चार महिन्यांत दरवाजा आधीपेक्षा जड चालायला लागतो. ट्रॅक कोरडा आणि स्वच्छ, बस.

तीन चाचण्या, महिन्यातून एकदा

तोल: दरवाजा बंद असताना मोटरच्या पट्टीला लोंबणारी लाल दोरी ओढा. मोटर दरवाजापासून सुटी होते. आता हाताने दरवाजा अर्ध्यापर्यंत उचला, पण बोटं दोन पट्ट्यांच्या फटीत घालू नका. हात हळूच सैल करा, पूर्ण काढू नका. दरवाजा तिथेच थांबला तर स्प्रिंग ठीक. खाली यायला लागला किंवा आपोआप वर गेला, तर स्प्रिंग बिघडली आहे. दरवाजा बंद करा आणि टेक्निशियनला बोलवा.

फळी: दरवाजा उघडा ठेवून उंबऱ्यावर मधोमध दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवा आणि बंद करायचं बटण दाबा. फळीला टेकताच दरवाजा वर जायला हवा. नाही गेला तर दुरुस्त होईपर्यंत मोटर वापरू नका.

डोळे: दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत छोटे सेन्सर असतात. दरवाजा खाली येत असताना त्यांच्या मधून झाडूचा दांडा फिरवा, दरवाजा परत वर जायला हवा. लहान मुलं दरवाजाखाली चिरडून दगावल्यानंतर अमेरिकेत नियम आला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरना असं संरक्षण सक्तीचं झालं. सेन्सरची काच मऊ फडक्याने पुसत जा. दरवाजा बंद होत नसेल, तर बऱ्याचदा एखादं कोळ्याचं जाळंच कारण असतं.

या तीन गोष्टींना हात लावू नका

- टॉर्शन स्प्रिंग आणि तिचे स्क्रू
- बाजूच्या लोखंडी तारा
- तार जिथे अडकते ते खालच्या कोपऱ्यातले ब्रॅकेट

हे तिन्ही भाग एकमेकांशी जोडलेले आहेत आणि दरवाजा बंद असताना त्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण असतो. एक बोल्ट सुटला तरी तार किंवा लोखंड उसळून हात मोडू शकतं, जीवही जाऊ शकतो. व्हिडिओ बघून अनेक जण स्प्रिंग बदलतात, हे मलाही माहीत आहे. पण इथे चूक झाली तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

स्प्रिंग तुटली हे ओळखायचं कसं? मोठा आवाज होतो, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये एक-दोन इंचांची फट दिसते आणि मोटर कण्हते पण दरवाजा हलत नाही. अशा वेळी बटण दाबत बसू नका. दरवाजा उघडा अडकला असेल तर लाल दोरी अजिबात ओढू नका, तो अख्खा खाली कोसळू शकतो. त्याखालून कोणाला जाऊही देऊ नका.

अ‍ॅप काय सांगतं आणि काय नाही

अ‍ॅपला दरवाजा उघडा आहे की बंद, एवढं कळतं. लांबून बंद करताना मोटर आधी काही सेकंद बीप करते आणि दिवा चमकवते, कारण तुम्ही तिथे नसता. तो आवाज त्रासदायक वाटला तरी बंद करायच्या भानगडीत पडू नका.

पण स्प्रिंग किती थकली आहे हे साधं अ‍ॅप सांगत नाही. नेहमीची स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. एकदा उघडणं आणि बंद होणं मिळून एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर २,५०० दिवस, म्हणजे जवळपास सात वर्षं. तुमचं घर किती जुनं आहे ते बघा आणि हिशोब करा. माझ्या घरमालकाला स्प्रिंग कधी बदलली होती हे आठवतच नव्हतं.

गावाकडच्या शटरला हे लागू आहे का?

तत्त्व तेच. हाताने ओढायच्या रोलिंग शटरच्या वरच्या पाइपातही स्प्रिंगच असते, म्हणूनच ते एका हिसक्यात वर जातं. शटर जड झालं की बाजूच्या चॅनेलमध्ये जुनं इंजिन ऑईल ओततात, हे मी लहानपणापासून बघितलंय. दोन दिवस शटर मस्त चालतं, मग धूळ बसून आणखी जड होतं. त्याऐवजी चॅनेल आधी कोरडं पुसा आणि सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा पुरे. शटर मधेच थांबत नसेल, धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंगचा प्रश्न आहे. तिथे शटरवालाच हवा.

नेहमीचे प्रश्न

*खोबरेल तेल किंवा स्वयंपाकाचं तेल चालेल का?*
नाही. ते काही दिवसांत चिकट होतं आणि धूळ धरतं.

*भाड्याच्या घरात हे कोणी करायचं?*
आधी करार वाचा. ऑईल देणं आपण करू शकतो, पण स्प्रिंग, तारा आणि मोटर घरमालकाला लेखी कळवा. मेसेज पुरतो, फोटो जोडा.

*लाइट गेली तर?*
दरवाजा बंद असेल तर लाल दोरी ओढून हाताने उघडा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती मोटरना बॅटरी बॅकअप सक्तीचा आहे, कारण २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि काहींना गॅरेजचा दरवाजा उघडताच आला नाही. घरातल्या वयस्कर माणसांना ही दोरी एकदा दाखवून ठेवा.

टेक्निशियनने जाताना फोर्सची सेटिंग परत खाली आणली आणि फळी पुन्हा ठेवली. या वेळी दरवाजा टेकला आणि लगेच वर गेला. ती फळी मी गॅरेजच्या कोपऱ्यातच ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोनवर रिमाइंडर येतो आणि मी ती दरवाजाखाली ठेवतो. तुमच्याकडे असा दरवाजा असेल तर आज एवढंच करा: एक फळी ठेवा आणि बटण दाबा.