टोपीतील चिठ्ठी

कुटुंबाला साता समुद्रांपलीकडे जावयाचे ठरले म्हणजे घरात तयारीला आरंभ होतो. काय न्यावे, काय विकावे, काय शेजारी ठेवावे, याची खलबते चालतात. परंतु आपल्याला जावयाचे आहे की नाही, हेच ज्या स्त्रीला ठाऊक नाही, तिने तयारी तरी कशाची करावी? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश पलटणीतील साध्या शिपायाच्या पत्नीपुढे हाच प्रश्न उभा असे.

शिपायाला लग्नासाठी कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे. ती मिळाली तर पत्नीचे नाव पलटणीच्या पटावर चढे; परवानगीवाचून लग्न केलेल्या स्त्रीची सरकारदरबारी ओळखच नसे. पटावरील सुख तरी केवढे? बराकीच्या कोपऱ्यात एक खाट, आडोशाला टांगलेले कांबळे, आणि शिपायांचे कपडे धुऊन मिळणारी जुजबी कमाई. तरीही पटावर नाव असावे म्हणून स्त्रिया झुरत, कारण समुद्रपार जाण्याचा हक्क असला तर तो त्यांनाच.

तोही सर्वांना नव्हता. शंभर शिपायांमागे साधारणतः 6 बायका नेण्याचा नियम होता. हिंदुस्थानातील मुक्काम दीर्घ म्हणून येथे हे प्रमाण 12 पर्यंत वाढविण्यात आले. उरलेल्यांचे काय, याचा निवाडा चिठ्ठ्यांनी होई. 'जावे' आणि 'राहावे' असे लिहिलेल्या चिठ्ठ्या टोपीत टाकीत आणि एकेकीला हात घालावयास सांगत. हा प्रकार पुष्कळदा निघण्याच्या आदल्या दिवशी, कधी तर बंदरावरच उरके. निकाल आधी कळला तर शिपाई पलटण सोडून पळतील, ही भीती त्यामागे होती. हिशेब लष्कराच्या सोयीचा खरा. पण त्यापायी बाईला एकाच गाठोड्यात दोन संसार बांधावे लागत, एक जहाजासाठी आणि एक एकटीने जगण्यासाठी.

अधिकाऱ्याच्या पत्नीची गोष्ट निराळी. तिला महिनोन्‌महिने आधी सूचना मिळे. केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजांत केबिन रिकामीच मिळे, म्हणून पलंग, मेज, हात धुण्याचे भांडे सारे विकत घ्यावे लागे. वाळवी व दमट हवा यांपासून कपडे वाचावेत म्हणून आतून पत्रा मारलेल्या पेट्या घेत. शिपायाच्या पत्नीला असल्या याद्यांचे प्रयोजनच नव्हते.

'राहावे' ही चिठ्ठी निघाली तर गावी परतण्यापुरता मैलांच्या हिशेबाने भत्ता मिळे आणि पुढे गावच्या गरीबखात्याचे दार. हिंदुस्थानात गेलेली पलटण दहा-पंधरा वर्षे परतत नसे. ती स्त्री ना सधवा, ना विधवा. 1854 साली क्रिमियाच्या युद्धासाठी फौजा निघाल्या, तेव्हा मागे राहिलेल्या या कुटुंबांचे हाल वृत्तपत्रांतून लोकांपुढे आले आणि वर्गण्या जमल्या. सैनिकांच्या कुटुंबांसाठी जेम्स गिल्डी यांनी स्थायी संस्था काढली ती 1885 मध्ये.

'जावे' ही चिठ्ठी मिळालेलीचे दैव तरी बरे होते काय? शिडाच्या जहाजावर चार-सहा महिने काढावयाचे. 26 फेब्रुवारी 1852 रोजी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'बर्कनहेड' हे जहाज फुटले. बायकामुलांच्या होड्या सुखरूप निघाव्यात म्हणून शिपाई डेकवर रांगेत उभे राहिले. बायकामुले वाचली, चारशेहून अधिक पुरुष बुडाले. शिपायांच्या त्या धैर्याचे गोडवे पुष्कळ गाइले गेले. होडीत बसून ते पाहणाऱ्या, एका घटकेत विधवा झालेल्या स्त्रियांविषयी मात्र फारसे लिहिले गेले नाही.

1869 मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि प्रवास आठवड्यांवर आला. पोर्टस्मथहून 'सेरापिस', 'मलबार', 'जम्ना' अशी फौजी जहाजे मुंबईस येऊ लागली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहत पलटणींचे लोक महिनेच्या महिने पडून असत. त्या कंटाळ्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला देवळालीच्याच नावाचा एक शब्द रूढ झाला.

येथे नवरा तापाने किंवा पटकीने गेला तर विधवेचा शिधा थोड्याच महिन्यांत बंद होई. त्या आत पलटणीतच दुसरे लग्न करणाऱ्या स्त्रियांना इंग्लंडातील सभ्य मंडळी नावे ठेवीत. परतीचे भाडे देण्यास मात्र त्यांतील कोणी पुढे येत नसे. बेळगाव, पुणे, अहमदनगर येथील छावण्यांच्या जुन्या दफनभूमींत अशा बायकामुलांची नावे कोरलेले काही दगड आहेत. ज्यांना दगड परवडला नाही, त्यांची नोंद चर्चच्या वहीत एका ओळीत सापडते: नाव, वय, आणि नवऱ्याच्या पलटणीचा क्रमांक.