वसई किल्ल्याच्या भिंतीवरची हिरवी मखमल पावसाचीच वाट का बघते?

जुलै-ऑगस्टमध्ये वसईच्या किल्ल्यात गेलात, तर दगडी भिंतींवर हिरवी मखमल चढलेली दिसते. आपण सरसकट तिला शेवाळ म्हणतो. पण पायरीवर पाय घसरवणारा बुळबुळीत थर बहुतेकदा शैवालाचा किंवा नील-हरित जिवाणूंचा असतो. बोटाला मऊ लागणारी, इवल्या इवल्या पानांची ती मॉस. शाळेच्या पुस्तकात ती ब्रायोफायटा गटात भेटते, वनस्पतींमधली ‘उभयचर’ म्हणून. म्हणजे बेडकासारखी जमिनीवर राहते, पण प्रजननासाठी तिला पाणी लागतंच.

असं का? वाडीतल्या नारळाचे परागकण वारा आणि मधमाश्या नेतात. मॉसला फुलंही नाहीत आणि परागही नाहीत. तिच्या नर पेशींना दोन शेपट्या असतात आणि त्या अक्षरशः पोहतात. अंडपेशी सुरईसारख्या अवयवाच्या तळाशी बसलेली असते. तिथवर जायला पाण्याचा सलग थर हवा, मग तो केसाइतका पातळ का असेना. वाट कशी सापडते? विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये दाखवलं, की मॉसच्या नर पेशी साखरेकडे ओढल्या जातात.

पोहून जाण्याचं अंतर मात्र फार थोडं, साधारण काही सेंटिमीटरच. काही जातींत नर आणि मादी रोपं वेगळी असतात, आणि मध्ये कोरडा दगड आला की भेट चुकली! म्हणून काही मॉसच्या नर रोपांचा शेंडा वाटीसारखा असतो. पावसाचा थेंब त्यात आपटला, की तुषारांबरोबर नर पेशी दूर उडतात. २००६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी आणखी एक गंमत दाखवली: मातीतले बारीक किडेही या पेशी वाहून नेतात.

फलन झालं, की हिरव्या गादीतून बारीक दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला बीजाणूंची कुपी धरते. इथून पुढे गणित उलटं होतं. बीजाणू वाऱ्यावर जायचे, तर हवा कोरडी हवी.

पाऊस दगा देतो तेव्हा? मॉसचा तुटलेला तुकडाही नव्याने वाढू शकतो, त्यामुळे गादी पसरत राहते. पण ती सगळी एकाच रोपाची नक्कल. नवं वाण जुळून येण्यासाठी पेशींची भेटच लागते. एप्रिलमध्ये भिंतीवर दिसणारा तपकिरी कचराही बऱ्याचदा मेलेला नसतो. अनेक जाती पाणी मिळताच काही मिनिटांत पुन्हा हिरव्या होतात.

जुन्या विहिरींच्या कडेला उगवणारा हंसराज, म्हणजे नेचा, मॉसपेक्षा बराच पुढारलेला. त्याला मुळं आहेत, पाणी वर नेणाऱ्या नलिकाही आहेत. पण फलनाची वेळ आली, की त्याच्याही नर पेशींना पोहावंच लागतं.