शाबासकी न देणारे सर
मुंबईच्या शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांनी सामन्यानंतर बोलण्याची वेगळीच रीत रुजवली. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर क्रिकेटचा निरोप घेताना त्यांचा शिष्य सचिन तेंडुलकरने सांगितले, की २९ वर्षांत सरांनी ‘छान खेळलास’ असे एकदाही म्हटले नाही. शिष्य गाफील राहील, ही त्यांची धास्ती. अशा मौनाने कोवळी मुले खचतात, हा आक्षेप रास्तच आहे. नुसता अबोला धरणाऱ्या प्रशिक्षकाला तो लागूही पडतो. पण आचरेकरांचे मौन कोरडे नव्हते. स्कूटरवर बसवून ते सचिनला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, चुका दाखवत आणि खूश झाले की भेळ, पाणीपुरी खाऊ घालत. कौतुक होतेच, फक्त ते शब्दांत नव्हते. विनोद कांबळी, प्रवीण आमरे हेही त्यांच्याच हाताखाली घडले.